फ्लेक्सची वरची ओळ

हळद एका दिवसावर आली तरी फ्लेक्स छापायला गेला नव्हता. कोपरी गावात मंडप उशिरा उभा राहिला तर चालतं, डीजेवाला उशिरा आला तर लोक त्याला शिव्या घालून नंतर नाचतात, पण कोपऱ्यावर फ्लेक्स लागला नाही तर लग्न मोडलं की काय असं विचारायला माणसं घरी येतात. म्हात्र्यांच्या घरी बाकी सगळं जागच्या जागी होतं. हळदीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी धवलारीणसुद्धा वेळ ठरवून गेली होती. अडलं होतं ते फ्लेक्सपाशी, आणि फ्लेक्स अडला होता गोपीनाथपाशी.

रुपाली ठाकुर्लीहून माहेरी पोचली तेव्हा दुपार झाली होती. हॉलमध्ये तिचा मोठा भाऊ महेंद्र सोफ्यावर बसला होता, त्याची बायको योगिनी त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होती आणि धाकटा विकी मोबाइलमध्ये डोकं घालून होता. लग्न जिचं, ती महेंद्रची लेक शिवानी मेंदीचे हात हवेत धरून टीव्हीसमोर बसली होती. बॅग अजून रुपालीच्या खांद्यावरच होती, तेवढ्यात महेंद्र म्हणाला,

"रुपा आली. आता तीच ठरवेल. मी या विषयावर बोलणार नाही."

"सकाळपासून तुम्हीच बोलताय," योगिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

रुपालीला विषय फोनवरून कळलेला होता. तिला वाटलं होतं, आपण पोचेपर्यंत तो मिटेल. या घरात कुठलाही विषय तिच्या येण्याआधी मिटल्याचा इतिहास नव्हता, तरी ती दर वेळी ही आशा करत असे.

फ्लेक्स करणारा साकेत डोंबिवलीचा. त्याने नमुना पाठवला होता. मधोमध शिवानी, गालावर बोट ठेवून. खाली दोन ओळींत घरातली जिवंत माणसं, सगळी रंगीत, पुरुषांच्या गळ्यात सोनं आणि डोळ्यांवर गॉगल. आणि अगदी वर ‘आशीर्वाद’ लिहिलेली ओळ, तिच्यात गेलेली माणसं, काळीपांढरी. ही रीत फ्लेक्सच्या आधीपासूनची होती. आजोबा धाकू म्हात्रे गेले तेव्हा त्यांचा चांगला रंगीत फोटो घरात होता, नारिंगी फेट्यातला. तो भिंतीवर लावायला नेला तेव्हा भावकीतल्या एका म्हातारीने हरकत घेतली की गेलेल्या माणसाच्या अंगावर रंग बरा दिसत नाही. मग तो फोटो काळापांढरा करून आणला आणि फेटा राखाडी झाला. तेव्हापासून म्हात्र्यांकडे भिंतीवर असो की फ्लेक्सवर, रंगीत तो जिवंत आणि काळापांढरा तो गेलेला, हे पोरंटोरंही जाणत होती.

गोपीनाथ, म्हणजे या तिघा भावंडांचा बाप, पस्तीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी डबा घेऊन कामावर गेला तो परत आलाच नाही. पोलिसांत सांगून झालं, देवाला विचारून झालं, नाशिकपर्यंत माणसं पाठवून झाली. मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याची खूण नाही. त्याचं कसलं कार्य झालं नाही, आणि त्याच्या बायकोच्या, कमळाबाईच्या, कपाळावरचं कुंकू आणि हातातला हिरवा चुडा तसाच राहिला. भावकीच्या कार्यात सवाशिणींच्या ओळीत ती बसायची आणि तिच्यापुढे ताट ठेवताना वाढणारीचा हात दर वेळी क्षणभर थांबायचा. विकीच्या लग्नात फ्लेक्स होता, पण तेव्हा कमळाबाईच म्हणाली की त्याचा फोटो नकोच. त्याला गाळला, तर गावात महिनाभर तेवढंच बोलणं चाललं. या वेळी शिवानी हटून बसली होती की माझे आजोबा पाहिजेत.

फोटो एकुलता एक, कारखान्याच्या पाससाठी काढलेला, काळापांढरा. साकेतने तो मोठा करून घेतला आणि साधा प्रश्न विचारला: हे वर टाकू की रंग भरून खाली?

"वर," महेंद्र म्हणाला. बोलणार नाही म्हणालेला माणूसच आधी बोलला. "मी सोळा वर्षांचा होतो तो गेला तेव्हा. तेव्हापासून या घराचा बाप मी आहे. किती वाट बघायची? उद्या सगळ्यांसमोर एकदा फोटो वर गेला की लोक समजतील, आपणही समजू. संपलं."

"आणि आईंचं काय?" योगिनी वळली. "फोटो वर गेला की त्या कपाळावर कुंकू लावून मंडपात कशा बसणार? आपल्यात पहिली हळद सवाशीण लावते. शिवानीला आजीच्याच हातची पाहिजे. बाया लावू देतील का मग?"

"म्हणून तर मी कलर बोलतोय ना," विकी मोबाइलमधून वर न बघता म्हणाला. "साकेत एआय मारतो, एकदम भारी येतं. मला काय त्यांना बघितलेलं आठवत नाय. चार वर्षांचा होतो. मला कलरच पाहिजे."

योगिनी आणि विकी एका बाजूला, महेंद्र एकटा दुसऱ्या. या घरात असं कधी झालं नव्हतं, कारण योगिनी आणि विकीचं पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा पटत नसे. रुपालीने बॅग खाली ठेवली. तिच्या मनात रंगीतच होतं, पण ते तिला मोठ्याने म्हणवेना. बाप गेला तेव्हा ती दहा वर्षांची होती. अजूनही रस्त्यात एखाद्या म्हाताऱ्याचे घारे डोळे दिसले की ती दोनदा वळून बघायची, आणि हे तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. तो परत येईल असं तिला वाटत नव्हतं. पण तो मेला असं म्हणायची तिची अजिबात तयारी नव्हती.

"कोणी माझा चेहरा कसा आलाय ते तरी बघितलं का?" शिवानी म्हणाली. "माझी हळद आहे ना?"

तेवढ्यात विकीचा फोन वाजला. साकेतने रंग भरलेला नमुना पाठवला होता. विकीने तो टीव्हीवर टाकला आणि सगळे बघत राहिले.

पन्नास इंची पडद्यावर गोपीनाथ म्हात्रे उगवले. निळा शर्ट, गुलाबी गाल, ओठ पान खाल्ल्यासारखे लाल. पण ते सोडलं तर माणूस होता. पापणी आता हलेल असं वाटत होतं. महेंद्र उठून टीव्हीजवळ गेला आणि त्याने पडद्यावरच्या गालाला बोट लावलं. मग त्याला ते बोट कुठे ठेवावं कळेना.

"गाल कुठे गुलाबी होते," तो म्हणाला. "बाबा असे नव्हते. नीट करायला सांग त्याला. नीट रंग भरायला सांग."

"म्हणजे रंगीत?" योगिनीने विचारलं.

"नीट भरला तर रंगीत. याला असा मारून नाय टाकता येत, योगिनी. बघ ना, बघतोय तो."

आता महेंद्र फिरला म्हटल्यावर विषय मिटायला हवा होता. पण विकी टीव्हीपासून दोन पावलं मागे सरकला होता. पडद्यावरचा चेहरा त्याचा होता. तीच हनुवटी, तीच भुवई, त्याच्याच वयाचा.

"नको यार," विकी म्हणाला. "खालच्या लाइनीत माझ्या बाजूला माझाच फोटो लावल्यासारखं दिसेल. पोरं विचारतील, हा कोण, तुझा भाऊ काय? वर टाका. ब्लॅक अँड व्हाइट बरा."

"आणि खरं सांगू का," योगिनी हळूच म्हणाली, "रंगीत खाली टाकला तर वर्तकनगरवाले विचारतील." वर्तकनगरवाले म्हणजे शिवानीचं सासर. "व्याही म्हणतील, आजोबांना स्टेजवर बोलवा, सत्कार करू. मग काय सांगणार? कामावर गेलेत?"

"मघाशी तू आईच्या कुंकवाचं बोलत होतीस."

"मघाशी मला व्याह्यांचं सुचलं नव्हतं."

महेंद्र ज्या बाजूला होता तिथे आता योगिनी आणि विकी होते, आणि ते ज्या बाजूला होते तिथे महेंद्र एकटा. रुपालीला हसू आलं आणि त्याच वेळी रडू येईल असंही वाटलं. तिने विचारलं, "काळापांढराच खालच्या ओळीत ठेवला तर?"

विकीने फोन स्पीकरवर टाकून साकेतला विचारलं. "नाही ताई," साकेत म्हणाला, "सगळ्या कलरमध्ये एकच ब्लॅक अँड व्हाइट दिसला की लोक म्हणतात प्रिंट बिघडली. तुम्ही मला शर्टाचा, डोळ्यांचा कलर सांगा, मी करून ठेवतो. मग टाकायचा की नाही ते तुम्ही बघा. पण लवकर, मशीन मोकळी आहे तोवरच."

"शर्ट पांढरा होता," महेंद्र म्हणाला.

"मला हिरवा आठवतो," रुपाली म्हणाली.

"डोळे काळे ना?"

"घारे, दादा. माझ्यासारखे."

"तुझे घारे आहेत?" महेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या डोळ्यांकडे निरखून बघितलं.

मग सगळ्यांना एकदमच लक्षात आलं की ज्या बाईने त्या माणसाबरोबर अठरा वर्षं संसार केला तिला सकाळपासून कोणी काही विचारलंच नव्हतं. तिच्यासमोर विषय नको, तिला त्रास होईल, म्हणून दार लावून घेतलं होतं. आता तिच्याकडे जायलाही कोणी तयार होईना. शेवटी रुपाली उठली.

कमळाबाई गच्चीत होती. उद्या दळायची हळकुंडं तिने सुपात उन्हाला घातली होती आणि त्यातली किडकी निवडून बाजूला टाकत होती. हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. रुपाली तिच्याशेजारी बसली.

"आलीस? जेवलीस?"

"जेवेन. आई, बाबांचा त्या फोटोतला शर्ट कुठल्या रंगाचा होता?"

रुपालीला वाटलं होतं आई गप्प होईल, किंवा उठून जाईल. तसं काही झालं नाही.

"बिस्किटी व्हता. वर निल्या चौकड्या. खिशाला शाईचा डाग, तो मी लय घासला पन गेला नाय."

रुपाली फोनवर साकेतला लिहीत होती. "डोळे?"

"घारे. तुजेच डोले हायेत ते."

"आणि वर्ण?"

"कालाच. मिठागरावर वाढलेला मानूस गोरा कुठून व्हनार? उन्हानं पार करपलेला. केस सगले पांडरे, पुढं टक्कल पडलेलं. दाढी बी पांडरीच."

रुपालीने ऐकत ऐकत सगळं लिहिलं आणि पाठवून दिलं. लगेच साकेतचं उत्तर आलं. तिने ते आईला वाचून दाखवायला सुरुवात केली. "ताई, केस पांढरे कसे? फोटोत तर काळेभोर आहेत. टक्कलही नाही."

वाचता वाचता तीच थांबली. सुपात कमळाबाईचा हातही थांबला होता.

बाप गेला तेव्हा चाळिशीचाही नव्हता. त्याचा एक केस पिकलेला नव्हता.

"आई," रुपाली म्हणाली, "तू त्यांना कधी बघितलंस?"

कमळाबाईने एक हळकुंड उचललं, उलटसुलट केलं आणि चांगलं असून किडक्यांत टाकलं.

"विकीच्या लगनाच्या आधीच्या नवरात्रात," ती म्हणाली. "कल्यानला, दुर्गाडीला गेलते ना मी देवीची ओटी भराला. पायथ्याशी ओटीवाले बसतात. एकाकडं गेले. त्यानं वर बघितलं नि बोल्ला, काय मावशी, खन हिरवा देऊ का लाल?"

"मग?"

"मी बोल्ले, हिरवा."

खाली मंडपवाल्यांचं ठोकणं चालू होतं.

"त्यांनी ओळखलं नाही तुला?"

"कुनास ठाव. वलखलं आसंल नि गप बसला आसंल. नायतर खरंच वलखलं नसंल. तो गेला तवा मी पस्तिशीची व्हते, आता बघ माजं थोबाड. त्यानं नारल दिला, खन दिला, कुंकवाची पुडी दिली. बाजूला एक बाई बसलेली, ती सुट्टे देत व्हती."

"कोण बाई?"

"मी इचारलं नाय."

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"काय बोलू, रुपा? माज्या मागं बायांची रांग व्हती. मागची बोल्ली, मावशी, सरका. मी सरकले."

रुपालीला आईचा राग आला, मग त्या माणसाचा आला, मग कोणाचा ते कळेना. इतकी वर्षं ती रस्त्यात घारे डोळे शोधत होती आणि आईने ते समोर बघून, ओटी घेऊन, देवीपुढे ठेवून, घरी येऊन भात टाकला होता. बाबा जिवंत आहेत, असं खाली जाऊन ओरडावं असं तिला वाटलं. आणि ते ऐकून खाली कोणाला आनंद होईल, याचा विचार करताना तिचे पाय उचलेनात.

"पण तेच होते कशावरून?"

"सामान देताना डावा डोला मिटला. तुजा बापूस तसाच मिटायचा."

"डावा डोळा कोणीही मिटेल, आई."

"मिटंल की. म्हनून तर एक दिस मना तो वाटतो, दुसऱ्या दिशी नाय वाटत. पुढल्या वर्षी परत गेले, तर तिथं दुसराच बसलेला." कमळाबाईने सूप बाजूला सारलं. "खाली तुमी काय भांडताय ते मना म्हाईत हाय. आवाज येतो वर. फोटो वर टाक. काला पांडराच."

"आई, मघाशी तुझ्या तोंडूनच निघालं ना ते जिवंत आहेत म्हणून?"

"म्हनून तर. खाली टाकलास तर लोक इचारतील, कमले, तुजा घरवाला कुठं हाय? म्हाईत नव्हतं तवा मी बोलायचे, म्हाईत नाय. ते खरं व्हतं, मान वर करून बोलायचे. त्या नवरात्रापासनं तेच बोलते नि ते खोटं हाय. आता नाय जमत मना. वर टाकला की कोन इचारनार नाय."

"पण मग उद्या पहिली हळद तुला लावू देणार नाहीत. शिवानी रडेल."

"रडंल. मी बी रडंन."

"तुला नक्की असंच पाहिजे?"

"नक्की काय बी नाय, बाय," कमळाबाई म्हणाली. "पन छापाला तर द्यायचंय ना?"

रुपालीला हो म्हणायचं नव्हतं. वर टाकायचं म्हणजे आपल्या हाताने बापाला मारायचं, तेही तो कुठे तरी नारळ विकत बसलेला असताना. आणि खाली टाकायचं म्हणजे आईला उरलेलं आयुष्य मंडपामंडपांत खोटं बोलायला लावायचं. तिने आईकडे बघितलं. कमळाबाई पदराने डोळे पुसत होती आणि पदराला हळद लागत होती. बापासाठी आपण इतकी वर्षं झुरलो, आईसाठी एक दिवस तरी झुरलो का, असं रुपालीच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

फोन वाजला. साकेत.

"ताई, फायनल सांगा. आता नाही टाकलं तर उद्या मिळणार नाही."

"ब्लॅक अँड व्हाइट," रुपाली म्हणाली. "वरच्या ओळीत. धाकू आजोबांच्या शेजारी."

"नक्की ना? दादांना विचारलंत?"

"मी सांगते त्यांना. तू टाक."

"ओके. मग एक करावं लागेल ताई." साकेतचा आवाज जरा संकोचला. "खाली आजींचा फोटो कलर आहे ना, त्यात कुंकू एकदम लालभडक दिसतंय. आजोबा वर गेले म्हटल्यावर लोक नावं ठेवतील. ते पुसून टाकू का? एका मिनिटाचं काम आहे."

रुपालीने तोंड उघडायच्या आत कमळाबाईने पिवळ्या हाताने तिच्याकडून फोन ओढून घेतला.

"पुसू नको," ती म्हणाली. "ते त्याच्या नावाचं नाय. दुकानावरनं इकत घेतलंय मी, पैसे देऊन."

साकेतला त्यातलं काही कळलं नाही. "बरं आजी," तो म्हणाला, आणि त्याने फ्लेक्स मशीनवर टाकला.